‘मला कमी मिळाले’ ते ‘तिला कमी मिळाले’ : लहान मुलांचे मानवी हक्कांचे शिक्षण

चार ते आठ या वयोगटातील मुलांना मानवी हक्क आणि जागतिक नागरिकत्व यांची ओळख कशी करून द्यावी, या वयासाठी हे विषय फार लवकर तर ठरणार नाहीत ना, आणि हक्क शिकवले की मुले उद्धट होतात ही पालकांची धास्ती कितपत खरी मानावी, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. बालशिक्षणात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात अनेक वर्षे काम केल्यानंतर मला असे वाटते की या तिन्ही प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी आहेत. मोठी माणसे आपल्याशी आणि आपल्या शेजारी बसलेल्या मुलाशी कशी वागतात, हे पाहून लहान मूल हक्कांविषयीची आपली कल्पना बांधत असते. त्या कल्पनेला शब्द देणे आणि तिचा परीघ हळूहळू वाढवत नेणे, हे शिक्षकाचे काम आहे.

‘फार लवकर’ या शंकेपासून सुरुवात करतो. बालमानसशास्त्रातील संशोधनातून 1980 च्या दशकापासून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली आहे : तीन-चार वर्षांची मुलेसुद्धा दोन प्रकारच्या नियमांत फरक करतात. दप्तर ठरलेल्या जागी ठेवावे हा नियम बाईंनी बदलला तर बदलू शकतो, पण दुसऱ्याला मारणे मात्र बाईंनी परवानगी दिली तरी वाईटच, असे ती सांगतात. म्हणजे कोणाच्याही आज्ञेवर अवलंबून नसलेले काही नियम असतात, ही हक्कांच्या विचाराची पायाभूत जाणीव मूल शाळेत येण्याआधीच त्याच्यापाशी असते. त्यामुळे आपण काही परके मूल्य बाहेरून आणून मुलांवर लादत आहोत, ही शंका मनातून काढून टाकायला हरकत नाही.

असलेल्या जाणिवेची मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी लागते. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात देशांतील मुलांना जोडीने समोरासमोर बसवून खाऊची असमान वाटणी दाखवण्यात आली, आणि ती स्वीकारायची की दोघांनाही काहीच मिळू नये म्हणून नाकारायची, हे जोडीतील एका मुलाला ठरवू दिले. स्वतःला कमी मिळत असेल तर वाटणी नाकारण्याची प्रवृत्ती वाढत्या वयाबरोबर सातही देशांत आढळली. स्वतःला जास्त मिळत असतानाही ती वाटणी नाकारण्याची प्रवृत्ती मात्र कॅनडा, युगांडा आणि अमेरिका या तीनच देशांतील मुलांमध्ये, आणि तीही मोठ्या वयात दिसली. माझ्या दृष्टीने आपल्या कामाचा सगळा आराखडा या निष्कर्षात आहे. ‘मला कमी मिळाले’ हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ‘तिला कमी मिळाले, आणि ते बरोबर नाही’ हे मात्र आपोआप उगवेलच असे नाही. ते भोवतालच्या माणसांकडून, सवयीतून आणि बोलण्यातून येते. त्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2011 मध्ये मानवी हक्कांच्या शिक्षणाविषयी एक स्वतंत्र जाहीरनामा स्वीकारला. त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांविषयीची माहिती, हक्कांचा मान राखणाऱ्या पद्धतीने चालणारे शिकणे-शिकवणे, आणि आपले व इतरांचे हक्क जपण्याची क्षमता. मोठ्यांच्या शिक्षणात पहिल्या अंगापासून सुरुवात केली तरी चालते. लहान मुलांच्या बाबतीत दुसरे अंग आधी पक्के करावे लागते, कारण भिंतीवर हक्कांचा रंगीत तक्ता लावलेला असेल आणि त्याच भिंतीशी कपडे ओले केले म्हणून एखादे मूल सर्वांसमक्ष उभे केलेले असेल, तर वर्गातील प्रत्येक मूल तक्त्यावर नव्हे तर त्या शिक्षेवर विश्वास ठेवते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की कोणताही उपक्रम आखण्याआधी एक आठवडा केवळ आपल्या वर्गाचे निरीक्षण करावे. स्वच्छतागृहात जाण्यासाठी मुलांना विनवणी करावी लागते का? चुकीबद्दल बोलताना आपण मुलाला बाजूला घेतो की सर्वांसमोर बोलतो? दोन मुलांची तुलना आपल्या तोंडून किती सहज होते? मुलाचे नाक पुसण्याआधी, त्याला उचलून घेण्याआधी, त्याचे छायाचित्र काढण्याआधी आपण त्याला विचारतो का? शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे (मुलांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) 28 वे कलम सांगते, आणि 16 वे कलम मुलाच्या खासगीपणाला संरक्षण देते. ही कलमे मुलांना वाचून दाखवण्यापूर्वी आपण पाळायची आहेत.

या संदर्भात यानुश कोर्चाक या पोलिश डॉक्टर-शिक्षकाचे काम प्रत्येक बालशिक्षकाने जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. वॉर्सा शहरात 1912 मध्ये सुरू झालेल्या अनाथ मुलांच्या निवासगृहात त्यांनी मुलांचे न्यायालय चालवले. कोणत्याही मुलाला दुसऱ्या मुलाविरुद्ध, तसेच मोठ्या माणसाविरुद्धही, तक्रार नोंदवता येत असे. न्यायाधीश म्हणून मुलेच बसत आणि स्वतः कोर्चाकही त्या न्यायालयापुढे उभे राहिले होते. त्या न्यायालयाच्या नियमावलीतील बहुसंख्य कलमे क्षमा करणारी होती, ही त्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मुलांना सूड शिकवणे हा हेतू नव्हता; आपले गाऱ्हाणे कोणीतरी गांभीर्याने ऐकून घेते, दुसरी बाजूही ऐकली जाते आणि मग निर्णय होतो, हा अनुभव देणे हा हेतू होता. 1926 मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेल्या मजकुराचे एक वृत्तपत्रही सुरू केले. ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी त्या मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्यूछावणीत नेले तेव्हा कोर्चाक यांनी त्यांची साथ सोडली नाही, आणि त्यांच्याबरोबरच ते मारले गेले. पुढे 1978 मध्ये मुलांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय करार असावा असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणारा देश पोलंड होता.

आपल्या वर्गात न्यायालय भरवण्याची गरज नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर आठवड्यातून एकदा गोलात बसून वीस मिनिटे बोलणे पुरेसे असते. या आठवड्यात कोणाला काय खुपले, कोणाला काय आवडले, आणि काय बदलता येईल, एवढेच विषय असावेत. फक्त एक पथ्य कसोशीने पाळावे : ज्या प्रश्नाचे उत्तर आपण आधीच ठरवून ठेवले आहे, तो प्रश्न मुलांना विचारू नये. बसण्याची मांडणी, खेळाच्या साहित्याच्या पाळ्या, विश्रांतीच्या वेळी अंधार असावा की उजेड, अशा गोष्टी खरोखरच मुलांच्या मतावर सोडता येतात. सुरक्षिततेच्या बाबी सोडता येत नाहीत, आणि ते तसे स्पष्ट सांगावे. बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमाचा अर्थ ‘मूल म्हणेल ते’ असा कधीच नव्हता. मुलाला आपले मत मांडता यावे आणि त्याच्या वयाला व समजेला अनुसरून त्या मताला वजन दिले जावे, एवढाच तो आहे. मत मान्य झाले नाही तर ते का झाले नाही हे मुलाला सांगणे, हाही त्या हक्काचा भाग आहे असे मी मानतो. मोठ्यांकडून सर्वाधिक वेळा राहून जाते ते हेच.

सर्व मुले बोलत नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते. या संहितेवर देखरेख करणाऱ्या समितीने 2005 मध्ये लहान वयातील मुलांविषयी आणि 2009 मध्ये ऐकले जाण्याच्या हक्काविषयी सविस्तर टिप्पण्या प्रसिद्ध केल्या आहेत. मत व्यक्त करण्याच्या हक्काला वयाची खालची मर्यादा नाही आणि खेळ, देहबोली, चेहऱ्यावरील भाव, चित्रे ही अभिव्यक्तीच आहे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे न बोलणाऱ्या मुलाला शाळेची फेरी आपल्याला घडवू द्यावी, कोठे जायला आवडते आणि कोठे भीती वाटते ते बोटाने दाखवू द्यावे. अशा फेरीत एखादा अंधारा जिना किंवा कडी नसलेला दरवाजा समोर येतो, ज्याची मोठ्यांना कल्पनाही नसते.

वर म्हटलेला परीघ वाढवण्याचे काम प्रत्यक्षात कसे करायचे? यात मला सर्वांत उपयोगी ठरलेला विषय म्हणजे ‘सारखे’ आणि ‘न्याय्य’ यांतील फरक. पाच वर्षांच्या मुलाला न्याय म्हणजे सर्वांना तंतोतंत सारखे, असे वाटते, आणि एका टप्प्यापर्यंत ते योग्यही आहे. पण हात धुण्याच्या जागी बुटक्या मुलासाठी पायरी ठेवलेली असते, एखादी मुलगी चष्मा लावते, एखाद्या मुलाला चाकाच्या खुर्चीमुळे दाराजवळची जागा दिलेली असते, एखाद्याला सूचना दोनदा सांगितल्या जातात. हे सर्व मुलांच्या डोळ्यांसमोर असते, आणि ‘त्याला का? मला का नाही?’ हा प्रश्न आज ना उद्या येतोच. तो आला की घाईने गप्प करू नये. पायरी काढून ठेवली तर काय होईल, हे मुलांनाच करून पाहू द्यावे. सर्वांचे हात नळापर्यंत पोहोचावेत हा मूळ हेतू आहे आणि त्यासाठी वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळी मदत लागते, हे सहा वर्षांचे मूल आपल्या शब्दांत सांगू शकते. भेदभावाला मनाई करणारे 2 रे कलम समजण्याची पूर्वतयारी याहून चांगली मला माहीत नाही. अर्थात ज्या मुलाचे उदाहरण घ्यायचे त्याला अवघडल्यासारखे होणार असेल, तर वर्गातील मूल न घेता बाहुलीचे किंवा गोष्टीतील पात्राचे उदाहरण घ्यावे.

साधारण सात वर्षांच्या आसपास चित्रकार्डांचा एक उपक्रम चांगला चालतो. पाणी, औषध, खेळणे, घर, मिठाई, शाळा, दूरदर्शन संच, मित्र, झाड, नाव अशी चित्रे गटाला द्यावीत आणि जगायला व वाढायला काय लागतेच आणि काय असले तर बरे, हे आपसांत ठरवायला सांगावे. खरे शिक्षण वादात आहे, उत्तरात नाही. मुले खेळाला बहुतेक वेळा ‘लागतेच’ या बाजूला ठेवतात आणि मोठी माणसे हसतात. तेव्हा विश्रांती आणि खेळ हा संहितेच्या 31 व्या कलमातील हक्क आहे, हे त्यांना सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावर येणारे समाधान पाहण्यासारखे असते. आपल्या स्वतःच्या अनुभवाला जगाने दिलेला दुजोरा ते प्रथमच ऐकत असतात. ‘यातले तुमच्या घरी काय आहे आणि काय नाही’ असे मात्र कधीही विचारू नये, कारण नसलेल्या गोष्टीची जाहीर कबुली देण्याची पाळी कोणत्याही मुलावर येता कामा नये.

याच वयात दस्तऐवजांची ओळखही गोष्टीच्या स्वरूपात करून देता येते. मोठे युद्ध संपल्यावर अनेक देशांची माणसे एकत्र बसली, असे पुन्हा घडू नये म्हणून प्रत्येक माणसाला काय मिळालेच पाहिजे याची 30 कलमांची यादी, म्हणजे मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा, त्यांनी केली, आणि 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये ती मतदानाला आली; 48 देशांनी होकार दिला, एकानेही विरोध केला नाही, आठ तटस्थ राहिले. मुलांना मतदानाची ही हकिकत आवडते, आणि ‘ते आठ गप्प का राहिले?’ हा प्रश्न हमखास येतो. नंतर 20 नोव्हेंबर 1989 रोजी खास मुलांसाठीची संहिता आली, आणि आज 196 पक्षकारांनी, म्हणजे जवळपास सर्व देशांनी, ती मान्य केलेली आहे. तिच्या 42 व्या कलमानुसार तिची माहिती मोठ्यांना आणि मुलांनाही करून देण्याची जबाबदारी सरकारांनी स्वीकारलेली आहे. म्हणजे आपण वर्गात जे करू पाहत आहात ते कोणाची हौस नसून एका दिलेल्या वचनाची पूर्तता आहे, हे पालकसभेत सांगण्यासारखे आहे.

पालकांच्या भीतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती भीती शमवण्यासाठी अनेक शिक्षक ‘हक्क हवे असतील तर आधी कर्तव्ये करा’ अशी मांडणी करतात. हेतू चांगला असला तरी ही मांडणी चुकीची आहे आणि ती टाळावी. हक्क हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसते. दंगा केला म्हणून मुलाचा पाणी पिण्याचा, खेळण्याचा किंवा मार न खाण्याचा हक्क संपत नाही. तो संपतो असे शिकलेले मूल पुढे ‘वाईट’ ठरवलेल्या माणसांना काहीही केले तरी चालते, असे मानू लागते. योग्य मांडणी आडवी आहे : जे तुझे आहे तेच तिचेही आहे. तुला बोलताना कोणी तोडू नये, म्हणून ती बोलत असताना तू थांबायचे. यात जबाबदारी आहेच, पण ती अट म्हणून येत नाही, समोरच्या माणसाकडे पाहून येते. शिवाय मुलाच्या मनात आईवडिलांविषयी, स्वतःच्या संस्कृतीविषयी आणि आपल्याहून वेगळ्या संस्कृतींविषयी आदर निर्माण करणे हे शिक्षणाचे उद्दिष्ट असल्याचे संहितेचे 29 वे कलमच सांगते. पालकांना हे कलम वाचून दाखवावे. आपले स्थान काढून घेतले जात नाही, हे कळल्यावर बहुतेकांचा विरोध मावळतो. मुले प्रश्न अधिक विचारू लागतात हे मात्र खरे आहे, आणि ते लपवू नये.

जागतिक नागरिकत्वाकडे वळताना एका रूढ समजुतीशी मी सहमत नाही, हे नोंदवतो. आधी घर, मग शाळा, मग गाव, मग देश आणि सर्वांत शेवटी जग, असा क्रम सुचवला जातो. पण पाच वर्षांच्या मुलाला चंद्र आणि डायनोसॉर जवळचे वाटतात. अंतर त्याला अडवत नाही, अमूर्तता अडवते. दूरच्या देशातील मूल झोपण्याआधी काय करते, शाळेत कसे जाते, दात पडला की काय करते, हे त्याला लगेच कळते. ‘संस्कृतींमधील वैविध्य’ कळत नाही. ध्वज, वेशभूषा आणि नृत्य यांचा वार्षिक कार्यक्रम मात्र मी सुचवणार नाही, कारण त्यातून प्रत्येक देशात एकाच प्रकारची, सदैव सणाच्या कपड्यांतली माणसे राहतात असे चित्र मुलांच्या मनात ठसते. एकाच देशातील तीन वेगवेगळ्या मुलांचा साधा दिवस दाखवावा. एकाच्या घरी उद्वाहक (लिफ्ट) असेल, दुसऱ्याच्या घरी शेळ्या असतील, तिसरा बोटीतून शाळेत जात असेल. शक्य असल्यास दुसऱ्या देशातील वर्गाशी पत्रव्यवहार करावा. एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाचा पोस्टमन कसे पोहोचवतो, या प्रश्नाचे उत्तर 1874 मध्ये देशांनी आपसांत केलेल्या टपाल करारात आहे, आणि देशांनी एकमेकांना दिलेला शब्द पाळला की काय घडते याचा पुरावा मूल हातात धरू शकते. थोड्या मोठ्या मुलांना देवी रोगाची गोष्ट सांगावी. सर्व देशांनी मिळून लसीकरण केले आणि 1980 मध्ये तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. अडचणी सांगण्याआधी माणसांनी एकत्र येऊन काय साधले आहे हे सांगणे, या वयात मी अत्यावश्यक मानतो.

दुःखाची दृश्ये मात्र आपण होऊन आणू नयेत. उपाशी किंवा जखमी मुलांची छायाचित्रे दाखवून मदतनिधी गोळा करण्याने करुणा वाढते असे वाटते, पण मुलाच्या मनात ‘आम्ही देणारे, ते घेणारे’ अशी उतरंड तयार होते, आणि त्याच वर्गात मदतीवर जगणारे एखादे मूल खाली मान घालून बसलेले असू शकते. मुलानेच युद्धाविषयी किंवा आपत्तीविषयी विचारले, तर त्याने काय ऐकले आहे हे आधी विचारून घ्यावे, खरे तेच थोडक्यात सांगावे, तेथे मदत करणारी माणसे कोण आहेत हे सांगावे, आणि बोलणे संपल्यावरही काही वेळ त्याच्या जवळ राहावे. कृती करायची असेल तर ती मुलाच्या आवाक्यातील असावी. मोडक्या पायरीविषयी मुख्याध्यापकांना पत्र लिहून ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करणे हे नागरिकत्वाचे पूर्ण शिक्षण आहे. ज्याला पत्र लिहिले त्याने उत्तर देणे गरजेचे आहे, आणि ती व्यवस्था आपण आधीच करून ठेवावी.

रंग, भाषा, धर्म किंवा घरची परिस्थिती यांवरून एखादे मूल दुसऱ्याला टोचून बोलेल, असा प्रसंग येईलच. पूर्वग्रह चार-पाच वर्षांच्या वयात रुजलेले असतात आणि ‘असे बोलू नये’ म्हणून विषय मिटवला तर ते तसेच राहतात. ज्याला लागले त्याच्याकडे आधी जावे. मग बोलणाऱ्याला, न रागावता पण नि:संदिग्धपणे, हे खरे नाही आणि यामुळे याला दुखावले आहे, असे सांगावे. हे तुला कोठून कळले, हा प्रश्न नंतर एकांतात विचारावा, आणि उत्तरात घरातील कोणाचे नाव आले तर मुलासमोर त्या व्यक्तीची निंदा करू नये.

शेवटी, उपक्रम सुरू करण्यापूर्वी एक तयारी करून ठेवावी लागते. ‘मला कोणी दुखवता कामा नये’ हे मूल शिकले की एखादे मूल आपल्याजवळ येऊन सांगेल की मला दुखवले जाते. त्या वेळी त्याचे बोलणे मध्येच तोडू नये, खोदून प्रश्न विचारू नयेत, धक्का बसल्याचे दाखवू नये आणि ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तर कदापि देऊ नये. तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही, आणि तुला मदत करू शकणाऱ्या माणसाला मी हे सांगणार आहे, एवढे शांतपणे सांगावे. आपल्याकडे बालसंरक्षणाची जबाबदारी कोणावर आहे, त्यांचा दूरध्वनी कोणता, कायद्याने कोणाला कळवावे लागते, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच व्यक्तीकडे ती माहिती जाणार नाही याची खात्री कशी करायची, हे पहिल्या गोलसभेच्या आधी लिहून ठेवलेले असावे. मुलाने सांगितलेले त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, आपला कोणताही निष्कर्ष न मिसळता, तारीख आणि वेळ घालून नोंदवावे.